दर्शनी भाग वाचला, थिएटर गेलं

२०२३ साली चर्चगेट स्टेशनसमोरच्या इरॉस सिनेमाच्या काही चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. ‘इरॉस पाडतायत’ अशी ओरड झाली, काही दिवस संताप उसळला, आणि मग खुलासा आला की इमारत वारसा वास्तू आहे, बाहेरच्या रूपाला धक्का लागणार नाही, काम फक्त आतलं आहे. हे ऐकून बहुतेकांचा जीव भांड्यात पडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इरॉस पुन्हा सुरू झालं. १९३८ मध्ये ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा सुमारे १,२०० प्रेक्षक तिथे एका छताखाली बसत. आता तिथे ३०५ आसनांचं, अवाढव्य पडद्याचं आयमॅक्स आहे आणि इमारतीतली बाकीची बरीच जागा दुकानदारीकडे गेली आहे. ‘काम फक्त आतलं आहे’ या ज्या वाक्यानं तेव्हा सगळे शांत झाले, त्या वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. जुन्या चित्रपटगृहांवरचा आपला सगळा वाद त्या एका वाक्यापाशी वाट चुकतो.

या वादात दोन पक्ष आहेत आणि दोघांचं बोलणं आता पाठ झालं आहे. एक पक्ष आठवणींचा: इथे पहिला इंग्रजी चित्रपट पाहिला, इथे रांगेत उभे राहिलो, इथे ब्लॅकमध्ये तिकीट घेतलं, म्हणून हे थिएटर राहिलं पाहिजे. दुसरा पक्ष हिशेबाचा: शुक्रवारीसुद्धा पन्नास माणसं येतात, वीजबिल निघत नाही, आठवणींवर थिएटर चालत नाही. पहिल्याला दर्शनी भाग आणि नावाची पाटी शाबूत दिसली की तो समाधानी होतो. दुसऱ्याला तेवढं देऊन आत हवं ते करण्याची मुभा मिळाली की तोही समाधानी होतो. तडजोड झाली असं दोघांनाही वाटतं, आणि ज्याच्यासाठी भांडण होतं ते सभागृह तेवढ्यात नाहीसं झालेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की चित्रपटगृहाचं वास्तुशिल्प म्हणजे त्याचं सभागृह आणि रस्त्यावरून त्या सभागृहापर्यंत नेणारी वाट. या दोन्हींच्या बदल्यात दर्शनी भाग वाचवणं हा तोट्याचा सौदा आहे. आणि निवडच करायची वेळ आली, तर मी चित्रपट जाऊ देईन, पडदा जाऊ देईन, पण ती एकसंध मोठी खोली जाऊ देणार नाही. चित्रपटवेड्या वाचकांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

इमारतींच्या बाबतीत आतलं आणि बाहेरचं यांचं नातं सगळीकडे सारखं नसतं. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला भौमितिक रेषांच्या आर्ट डेको शैलीतल्या निवासी इमारतींची जी रांग आहे, तिथे बाहेरून आतलं बरंच कळतं. बाल्कन्या, खिडक्यांवरच्या छज्ज्यांच्या पट्ट्या, जिन्याचा उभा काचेचा भाग, हे सगळं आतल्या राहणीतून बाहेर आलेलं आहे. तिथे दर्शनी भाग जपणं म्हणजे वास्तूचा मोठा हिस्सा जपणं. चित्रपटगृहाचं तसं नाही. त्याच्या मुख्य खोलीला खिडकीच नसते. उजेड आणि रस्त्याचा आवाज बाहेर ठेवणं हेच तिचं काम. त्यामुळे समोरचा भाग आतल्या खोलीविषयी काहीही सांगत नाही. तो लांबून दिसावा म्हणून उभा असतो, कोपऱ्यावरून ट्राम आणि बसमधल्या माणसाला हाक मारण्यासाठी. इरॉसचे दोन पंख जिथे मिळतात तो पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळता होत जाणारा मनोरा हेच काम उत्तम करतो, आणि तो जपला याचा मला आनंद आहे. वास्तुरचनाकार शोराबजी भेडवार यांनी लाल आग्रा दगड आणि फिक्या रंगाचा जो मेळ घातला तो शहराच्या ओळखीचा भाग झाला आहे. पण त्या मनोऱ्याखाली लोक ज्यासाठी यायचे ती गोष्ट त्यात नव्हती.

ती खोली कशी घडली हे पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस हे त्याआधीच्या पिढीचं प्रेक्षागृह. १९११ मध्ये पंचम जॉर्जनं त्याचं उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. नाटकासाठी बांधलेल्या या घरात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे छोटे सज्जे आहेत. त्या बॉक्समधून नाटक तिरकं दिसतं, पण बाकीचे प्रेक्षक छान दिसतात, आणि बॉक्समधली मंडळी बाकीच्यांना दिसतात. पाहणं आणि दिसणं दोन्ही त्या वास्तूत धरलेलं होतं. सिनेमा आला तेव्हा हे गणित मोडलं. सपाट पडदा बाजूनं पाहिला की चित्र वाकडं दिसतं. म्हणून बाजूचे बॉक्स निरुपयोगी झाले आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली. नंतर १९३१ मध्ये बोलपट आला आणि खोलीला कान आले. मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे बसलेले वादक प्रेक्षकांचा गलका भरून काढत. आता पडद्यामागच्या कर्ण्यातून आलेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत न घुमता पोचायला हवा होता. भिंतींचे कोन, छताची वळणं, कापडानं मढवलेले भाग, प्लास्टरच्या पन्हळी यांना एकाएकी काम मिळालं. आज आपण ज्याला आर्ट डेकोची नक्षी म्हणतो तिचा काही भाग आवाजाच्या सोयीतून आलेला आहे, आणि छताच्या वळणांमागे दडवलेल्या दिव्यांचा उजेड हळूहळू उतरवून डोळ्यांना अंधाराची सवय करून देण्याच्या गरजेतून.

कुलाब्याचं रीगल १९३३ चं, म्हणजे बोलपट आल्यानंतर दोनच वर्षांनी उघडलेलं. त्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स. बोरीबंदरची, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत ज्यांनी उभी केली त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे ते चिरंजीव. बाप-लेकांच्या या दोन इमारती शेजारी ठेवून पाहाव्यात. वडिलांच्या इमारतीत वैभव बाहेर आहे: घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी. मुलाच्या इमारतीत बाहेर साध्या सरळ रेषा, आणि वैभव सगळं आत. कार्ल शारा या कलावंतानं सजवलेल्या त्या सभागृहात सूर्यकिरणांची आकृती फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगात खेळवलेली होती. वातानुकूलन होतं, तळघरात गाड्या लावायची सोय होती. आणि आरसीसी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या नव्या तंत्रामुळे बाल्कनी खालच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे एकही खांब न आणता पुढे झेपावू शकत होती. बाराशेच्या आसपास माणसं, मधे खांब नाही, प्रत्येकाला पडदा पूर्ण दिसतो आणि शब्द स्पष्ट ऐकू येतो. मुंबईतल्या सामान्य माणसाला इतकी मोठी, अखंड, बंदिस्त जागा त्याआधी कुठे अनुभवायला मिळत होती? देवळांचे सभामंडप खांबांचे, रेल्वेची फलाटं उघडी, गिरण्यांची दालनं यंत्रांनी भरलेली.

मरीन लाइन्सचं लिबर्टी मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतं, आणि त्यामागे एका मराठी माणसाचा हात आहे हे मराठी वाचकांनाही फारसं ठाऊक नसतं. १९४९ मध्ये उघडलेल्या या थिएटरचं अंतरंग वामन नामजोशी यांनी घडवलं. पुढे मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर त्यांचंच, आणि १९७६ मध्ये उघडलेलं जयपूरचं राजमंदिरही त्यांचंच. लिबर्टीत शिरलेला माणूस एकदम सभागृहात पोचत नाही. आधी रस्त्याचा उन्हाळा, मग छज्जा, मग तिकीटखिडकी, मग थंड फोयर (प्रवेशदालन), मग वळणारा जिना, मग लाकडानं मढवलेली मंद उजेडाची जागा, मग दार, मग ती प्रचंड खोली. प्रत्येक टप्प्यावर छताची उंची बदलते, पायाखालचं बदलतं, आवाज बदलतो. शंभरएक पावलांत फोर्टमधला कारकून किंवा काळबादेवीचा दुकानदार आपला दिवस मागे टाकतो. नामजोशींनी खरं तर ही पावलं रचली. गोठलेल्या कारंज्यासारखी ती सुप्रसिद्ध नक्षी त्या वाटेच्या शेवटी येते म्हणून तिचा ठसा उमटतो. छायाचित्रात ती नुसती सुंदर दिसते. ही वाट तोडून फोयर कॉफीच्या दुकानाला आणि सभागृह चार पडद्यांना दिलं, तर नामजोशींचं काय उरेल?

आता आपले नियम पाहू. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. त्या वेळी देशात असं काही नव्हतं आणि ती झाली म्हणून दक्षिण मुंबई आज निदान ओळखू येते, हे ऋण मान्य करूनच पुढचं बोलतो. या नियमावलीत वास्तूंच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आतही बाहेरही हात लावायला मनाई, इमारत टिकवण्यासाठी आवश्यक तेवढं सोडून. दुसऱ्या श्रेणीपासून मात्र आतले बदल आणि नवा वापर यांना सर्वसाधारणपणे मुभा, आणि काटेकोर नजर बाहेरच्या बदलांवर. वाडे, कचेऱ्या, चाळी, बंगले यांचा विचार करून ही विभागणी केली असेल तर ती समंजस आहे. कार्यालयाची आतली भिंत हलवली म्हणून वारसा बुडत नाही. पण हीच फूटपट्टी चित्रपटगृहाला लावली की उलटं होतं: जे मोलाचं ते मोकाट, आणि जे हाक मारण्यापुरतं ते संरक्षित. दुसरीकडे पुनर्विकासाचे नियम आहेत. चित्रपटगृहाच्या जागेवर नवं बांधताना त्यात ठरावीक आसनांचं चित्रपटगृह ठेवावं, अशी अट आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि ती काढून टाका अशी मालकांची मागणीही तितकीच जुनी आहे. म्हणजे एक नियम कवच राखतो, दुसरा नियम वापर राखतो, आणि मधली खोली कोणाच्याच ताब्यात नाही. दिंडी दरवाजा ठेवायचा, वाड्यात माणसं राहतील याची हमी घ्यायची, आणि चौक बुजवून टाकायचा, असा हा कारभार आहे. धोबी तलावच्या मेट्रो सिनेमाचं २००६ मध्ये असंच झालं. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीनं न्यूयॉर्कचे थॉमस लँब यांच्याकडून करून घेतलेलं, १९३८ मध्ये उघडलेलं हे भव्य थिएटर सहा पडद्यांमध्ये वाटलं गेलं. जिना राहिला, झुंबरं राहिली, लँब यांचं सभागृह गेलं. त्याची बातमी ‘मेट्रोला नवजीवन’ अशा सुरातली होती.

कोल्हापूरकरांनी मात्र या बाबतीत जराही गल्लत केली नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह. छप्पर कोसळलं, रंगमंच आणि आसनं गेली, दगडी बांधकामाचा बराच भाग उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या कलावंतांपैकी, रसिकांपैकी ‘दगडी भिंती शाबूत आहेत, म्हणजे वारसा वाचला’ असं कोणी म्हटलं का? माणसं रडली ती आतल्या खोलीसाठी, आणि मागणी झाली ती होतं तसंच परत उभारण्याची. आगीनं जे नेलं ते नुकसान म्हणून लगेच कळतं. तेच परवानगीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी गेलं तर आपण त्याला नूतनीकरण म्हणतो.

समोरच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा पैशाचा आहे. बाराशे आसनांचं थिएटर ज्या काळात उभं राहिलं तेव्हा चित्रपट पंचवीस-पन्नास आठवडे चालत. आज धंदा पहिल्या तीन दिवसांत होतो, आणि एकाच पडद्यावर एकच चित्रपट लावणाऱ्याचा अंदाज चुकला तर आठवडा बुडतो. बहुपडदा चालवणारा तोच धोका पाच-सहा चित्रपटांत वाटून घेतो. हा फरक व्यवस्थेचा आहे, मालकाच्या नाकर्तेपणाचा नाही, आणि जुन्या थिएटरांच्या मालकांना हावरट ठरवणारे लेख वाचून मला वाईट वाटतं. पण या मुद्द्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. या शतकाच्या सुरुवातीला राज्यानं नव्या बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात काही वर्षांची घसघशीत सूट दिली. जुनी एकपडदा थिएटरं तोच कर पूर्ण भरत राहिली. शर्यतीत एकाच्या पायात दगड बांधून तो हरल्यावर ‘काळाचा महिमा’ म्हणणं बरोबर नाही. एकपडदा थिएटरं काळानं जेवढी मारली तेवढीच धोरणानंही मारली. आणि धोरणानं बिघडलेलं धोरणानं काही अंशी सुधारता येतं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. जुनी थिएटरं आगीला आमंत्रण देतात, म्हणून ती आतून नवी करणंच भलं, असं सांगितलं जातं. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं मेली, त्या घटनेचा दाखला यासाठी हमखास येतो. त्या प्रकरणात नेमकं काय झालं होतं? आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लागली, धूर वर गेला, आणि बाल्कनीतल्या माणसांना बाहेर पडता आलं नाही, कारण जादा आसनं बसवताना मूळच्या वाटा अडवल्या गेल्या होत्या. म्हणजे सभागृह मूळ रचनेप्रमाणे राहिलं असतं तर अधिक माणसं वाचली असती. सुरक्षेसाठी वायरिंग बदला, पडदे आणि गाद्या न पेटणाऱ्या साहित्याच्या करा, आसनं कमी करून रांगांत अंतर वाढवा, दारं वाढवा. यातली एकही गोष्ट खोलीचे तुकडे करायला सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. ही थिएटरं कोणाची होती? रीगल, मेट्रो, इरॉस ही साहेबांची, बड्या पारशी-गुजराती घरांची, इंग्रजी चित्रपटांची. स्वस्त तिकिटांची माणसं तिथेही वेगळ्या दारानं आत जात, वेगळ्या जिन्यानं बाहेर पडत. गिरणगावातला कामगार लालबागच्या भारतमातेत मराठी चित्रपट बघत होता, आणि त्या साध्या थिएटरसाठी वारसा समितीत कोणी भाषण केलं नाही. मग वरच्या वर्गाच्या ऐशआरामाची ही स्मारकं सगळ्यांच्या पैशानं का जपायची? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘ती सुंदर आहेत’ एवढंच असू शकत नाही. उत्तराची सुरुवात लिबर्टीपासून होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन वर्षांनी उघडलेल्या त्या थिएटरचं नावच स्वातंत्र्याचं, आणि ते बांधण्यामागचा उघड हेतू असा की हिंदी चित्रपटालाही मेट्रोच्या तोडीचं घर हवं. जो दिमाख तोवर इंग्रजी चित्रपटांसाठी राखीव होता, तो आपल्या भाषेच्या प्रेक्षकाच्या पायाखाली अंथरला गेला. नंतर मराठा मंदिरानं तोच दिमाख मुंबई सेंट्रलला आणला, जिथे कालची गाडी पकडून आलेला माणूसही तिकीट काढून आत जाऊ शकत होता. वेगळी दारं होती हे खरं, पण छत एकच होतं. पिटातली, म्हणजे खालच्या स्वस्त आसनांवरची शिट्टी बाल्कनीत ऐकू जायची, आणि विनोदावर वरचे-खालचे एकाच क्षणी हसायचे. आजच्या बहुपडद्यात वेगळं दार नाही, कारण स्वस्त तिकीटच नाही. खालचा वर्ग आत येतच नाही. कुठली रचना अधिक लोकशाहीची? आणि भारतमातेचं म्हणाल तर हा आक्षेप मला माझ्या भूमिकेच्या बाजूचा वाटतो. दर्शनी भाग हाच वारशाचा निकष धरल्यामुळे भारतमाता यादीबाहेर पडते. गिरणी कामगारांनी भरलेली खोली हा निकष धरला तर ती यादीत वरच्या जागी येईल.

एक युक्तिवाद असाही होतो की चित्रपटगृहं जन्मापासून बदलतच आलेली आहेत. ऑपेरा हाऊस नाटकाचं होतं, मग चित्रपटाचं झालं, बोरीबंदरसमोरचं गेईटी थिएटर पुढे कॅपिटॉल सिनेमा झालं. मग आत्ताच बदलाला विरोध कशाला? या बदलांकडे नीट पाहा. नाटक गेलं, चित्रपट आला, तरी ऑपेरा हाऊसची खोली तीच राहिली. १९९३ मध्ये ते बंद पडलं आणि तेवीस वर्षं बंद राहिलं. २०१६ मध्ये उघडलं तेव्हा बॉक्स, सोनेरी नक्षीचं छत, झुंबरं जागेवर होती आणि गाण्याच्या, नाटकाच्या मैफिलींना ती पुन्हा उपयोगी पडली. बंद पडलेलं सभागृह वाट पाहू शकतं. तुकडे झालेलं सभागृह परत जोडता येत नाही. ब्यूनोस आयर्समध्ये १९१९ चं ग्रँड स्प्लेंडिड नावाचं थिएटर आहे. नाटकाचं घर, पुढे सिनेमा, आणि २००० पासून पुस्तकांचं दुकान. सज्जे, रंगवलेलं छत, रंगमंचाचा लाल पडदा सगळं तसंच. बॉक्समध्ये बसून लोक वाचतात, रंगमंचावर कॉफी पितात. आणि ज्या थॉमस लँब यांचं मेट्रो आपण वाटून टाकलं, त्यांचंच न्यूयॉर्कमधलं १७५ व्या रस्त्यावरचं थिएटर १९६९ मध्ये एका चर्चनं विकत घेतलं. प्रार्थनेलाही मोठी खोली लागते, म्हणून ती खोली टिकली. सिनेमा या दोन्ही ठिकाणी गेला, वास्तू राहिली. मुंबईत मोठ्या बंदिस्त खोल्यांची गरज संपली आहे असं कोण म्हणेल? नाट्यप्रयोगांच्या तारखा मिळत नाहीत, संगीत सभांना जागा मिळत नाही, वाचनालयांना जागा नाही, परीक्षांसाठी मंगल कार्यालयं भाड्यानं घ्यावी लागतात.

न्यूयॉर्कनं यावर कायद्याचं उत्तर शोधलं, आणि ते आपल्याला सहज घेता येईल असं आहे. पेन स्टेशनची जुनी इमारत १९६३ पासून पाडली गेली, त्या धक्क्यातून १९६५ चा वारसा कायदा झाला. तो आपल्यासारखाच बाहेरच्या रूपापुरता होता. १९७३ मध्ये दुरुस्ती करून ज्या इमारतींचा आतला भाग जनतेसाठी खुला असतो त्या भागालाही संरक्षण देता येईल अशी तरतूद केली. रेडिओ सिटी म्युझिक हॉल बंद होण्याच्या बेतात असताना १९७८ मध्ये त्याचं सभागृह या तरतुदीखाली आलं. तिथे आजही हजारो माणसं एका छताखाली बसतात. यातला ‘जनतेसाठी खुला’ हा निकष मला मोलाचा वाटतो. कोणाच्या घराच्या दिवाणखान्यात सरकारनं डोकावू नये, हा खासगी मालकीचा हक्क त्यानं अबाधित राहतो. ज्या खोलीत तिकीट काढून लाखो लोकांनी येऊन बसावं म्हणून ती बांधली, तिच्यावर मात्र त्या लोकांचाही काही हक्क उरतो.

मालकानं मग काय करायचं? समाजाला वारसा हवा आणि बिल मालकानं भरायचं, ही तक्रार रास्त आहे, आणि जोवर तिला उत्तर नाही तोवर कुठलीही वारसा यादी मालकाला शिक्षेसारखीच वाटणार. म्हणून माझी सूचना देवाणघेवाणीची आहे. चित्रपटगृह चालवण्याची सक्ती काढून टाका. मालकाला तिथे नाटक, गाणं, ग्रंथालय, पुस्तकविक्री, प्रदर्शन, काहीही करू द्या. त्या बदल्यात सभागृहाची एकसंध पोकळी, बाल्कनी, छत, फोयर आणि जिना यांना हात लावायचा नाही. वर बांधता न आलेल्या क्षेत्रफळाचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, वारसा वास्तूंना मिळू शकतो, अशी तरतूद आपल्या नियमावलीत आहेच. तो प्रत्यक्षात वेळेवर आणि विकता येईल असा मिळाला पाहिजे, आणि चित्रपटगृहांच्या बाबतीत तो दर्शनी भागाच्या बदल्यात न देता सभागृहाच्या बदल्यातच दिला पाहिजे. मालमत्ता कर व्यापारी दरानं न लावता नाट्यगृहाच्या सवलतीच्या पातळीवर आणता येईल. यात तिजोरीला झळ बसेल. पण वीस वर्षांपूर्वी हीच तिजोरी नव्या बहुपडदा थिएटरांसाठी मोकळी झाली होती, तेव्हा तो खर्च कोणाला जड वाटला नव्हता.

घाई का करायची, असं विचारणाऱ्यांनी गिरगावात फिरून यावं. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे लोकांसाठी पहिल्यांदा लागला ते कॉरोनेशन उरलेलं नाही. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ जिथे लागला ते मॅजेस्टिकही नाही. देशातला पहिला कथापट आणि पहिला बोलपट ज्या दोन खोल्यांत लोकांनी पाहिला, त्यांतली एकही आपल्याकडे नाही. पुण्यात मंडईजवळचं १९१५ चं आर्यन, गंगाधरपंत पाठकांनी उभारलेलं शहरातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह, १९८३ मध्ये पडलं आणि तिथे वाहनतळ झाला. या तिन्ही वेळी वारशाचे कायदे नव्हते, ही सबब आता उरलेली नाही. २०१८ पासून ओव्हलभोवतीचा गॉथिक आणि आर्ट डेको परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, रीगल आणि इरॉस त्यातच येतात. जगाला दाखवायची पाटी आपण मिळवली, आतल्या खोल्यांची नोंद अजून घेतलेली नाही.

ती नोंद घ्यायला नवा कायदाही लागत नाही. राज्यात साठ-सत्तर वर्षांहून जुनी जी जी चित्रपटगृहं उभी आहेत, मुंबई-पुण्यातली आणि सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, अमरावतीतलीही, त्या प्रत्येकाच्या सभागृहाचे मोजमापी नकाशे, छताचे आणि जिन्याचे छेद, दिव्यांची आणि आवाजाची मूळ रचना, हे वास्तुकला महाविद्यालयांकडून एका-दोन वर्षांत करून घेता येईल. आणि ते नकाशे वारसा समितीपुढे येईपर्यंत आतल्या तोडकामाला परवानगी द्यायची नाही, एवढा एक साधा आदेश पुरे. रीगल आणि लिबर्टीची सभागृहं आजही अखंड आहेत. काम तिथून सुरू करावं, आणि त्याच आठवड्यात लालबागच्या भारतमातेतही मोजपट्टी घेऊन जावं.